पत्र्याआडची अबोली

महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव
मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. प्रतिभास तुझ्या सासूचे, अंबाबाईचे, पोटभर आशीर्वाद. शिवूला गोड पापा.

इकडं सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. गाय अजून व्याली नाही, कांद्याची लागण उरकली, माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या आईचा खोकला कमी झाला का? तिला म्हणावं, विहीणबाई, गार पाणी पीत जाऊ नका, लेक घरात आहे म्हणून आजारपण काढू नका. माझा टोमणा पोचव, ती हसेल.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन रामदासचा, आणि मी बोलायला लागले की तो शेजारी येऊन उभा राहतो. तूही नुसतं हं हं करतेस. म्हणून सातवीपर्यंत शिकले ते आज कामी आणते आहे. बहिरूभाऊ टोमॅटो घेऊन नारायणगावला निघालाय, तो खोडदला वाट वाकडी करून हे तुझ्या हातात देईल.

आता कामाचं. घराभोवती पत्रा मारून झाला. काळूला ओट्यावरनं नेलं त्या संध्याकाळी तू शिवूला छातीशी धरून म्हणाली होतीस, ‘आंगण बंद झाल्याबिगर मी हितं ऱ्हाणार न्हाई,’ आणि दुसऱ्या दिवशी माहेरी गेलीस. तुझं काही चुकलं नाही. पोर दारात भाकरी खात होती आणि तिच्या हाताच्या अंतरावरनं बिबट्या कुत्रं उचलून गेला. कोणती आई थांबेल? रामदासनं तुझा शब्द लई मनावर घेतला. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा उंच पत्रा चहूबाजूंनी मारलाय. तुझी जास्वंद, तगर, ती कर्दळ, सगळं त्यानंच तोडलं, झुडपाआड जनावर दबा धरून बसतं म्हणून. तोडताना रडत होता. मी बघितलं तर म्हणाला डोळ्यात भुसा गेला.

आता भिंत आणि पत्रा यांच्यात एक बोळ उरलाय. मी हात पसरले की एक भिंतीला लागतो, एक पत्र्याला. ऊन डोक्यावर आलं की घटकाभर पडतं, मग दिवसभर सावली. सगळं कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसतं. तू आल्यावर खिडकीतून हेच बघणार, म्हणून मनात घेतलं की इथं फुलं लावायची. झेंडू लावला, तो काटकुळा होऊन आडवा पडला. शेवंतीनं कळीसुद्धा धरली नाही. सदाफुलीला म्हणे मरण नाही, ती माझ्या हातनं मेली.

तू लग्नाआधी नर्सरीत काम केलेली, तूच सांग कोणतं रोप लावू. सावलीत यावं, फार लाड मागू नयेत, आणि गुडघ्याच्या वर जाऊ नये. वर गेलं तर त्याच्याआड काय बसलंय ते दिसायचं नाही. शेजारची ठकूबाई म्हणते तेरडा टाक, पण तेरडा पावसाचा, आता कुठला येतोय. गुलबक्षी माजते, कमरेला लागते. माझ्या मनात अबोली आहे. तुझ्या माहेरी विहिरीच्या कडेला आंब्याखाली ती कशी भरून असते, शेंडे खुडत राहिलं की उंचही होत नाही. तुझ्या लग्नात तिचीच वेणी होती. जमीन किती खणू? शेणखत जुनं घालू की गांडूळखत? आणि एक विचारायचं होतं. तुडवली गेली तर अबोली परत फुटते का गं?

तू म्हणशील, चहूबाजूंनी बंद बोळात तुडवायला कोण येतंय.

इथं लिहिता लिहिता उठले आणि चहा केला. चहा पिऊन झाला तरी पुढचं वाक्य सुचेना. सुचेना कसलं, लिहवेना.

मागच्या आठवड्यात मी वाफा खणला. माती चाळली, मेथीला करतो तशी हातानं सपाट केली, पाणी मारून ठेवलं. सकाळी बघते तर मऊ मातीत ठसे. गोल, माझ्या तळव्याएवढे. रामदासला हाक मारली. तो बघत राहिला, मग खुरपं घेतलं आणि माती वरखाली करून टाकली.

“कुत्रं असंल, आई. चष्मा पुसत जा.”

“कुत्र्याची नखं उमटत्यात रं. ह्याला नखं कुठं हायेत?”

माझ्याकडं न बघता म्हणाला, “प्रतिभाला यातलं काय बोलू नगंस. शुक्रवारी आणाया जातोय मी.”

मी तुला काही कळवलं नाही. मलाही तुम्ही यायला हव्या आहात ना. दिवसभर मनाला समजावलं की कुत्रंच असेल, आणि वाफा पुन्हा सपाट केला. काल सकाळी पुन्हा ठसे. गोठ्याच्या छपरावरनं आत उतरतो तो, तिथला पत्रा चेपलाय. बोळातनं चालत तुमच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आलाय, आणि खिडकीखाली माती सगळी दाबली गेलीय. शिवूची बाज ज्या खिडकीला लागून आहे, तीच ती.

आज सकाळी मी पोलीसपाटलांना सांगून आले. त्यांनी माझ्यासमोर वनखात्याला फोन लावला, माणसं येतो म्हणालीत. रामदासला अजून माहीत नाही. कळलं की भांडेल माझ्याशी. भांडू दे.

प्रतिभा, तो शुक्रवारी येईल. दाढी करून, तुला आवडतो तो निळा शर्ट घालून येईल. म्हणेल, आता आत मुंगीसुद्धा शिरायची नाही. त्याला पोटभर जेवू घाल, शिवूला त्याच्या मांडीवर दे, पण पिशवी भरू नकोस. आणि त्याला खोटारडा म्हणू नकोस. तो रोज संध्याकाळी शिवूची चप्पल दारातनं उचलून आत ठेवतो आणि सकाळी परत दारात नेऊन ठेवतो. रिकाम्या घराला तो बिबट्यापेक्षा जास्त भ्यायलाय. त्याला माझं नाव सांग. म्हणावं, तुमच्या आईनंच येऊ नको म्हणून कळवलंय. सासूनं सुनेला घराबाहेर ठेवलं असं लोक बोलतील. त्यांना काय, ते तसेही बोलतातच.

मला तुमच्यावाचून करमत नाही. तू इथं होतीस तेव्हा हे कधी तोंडानं म्हणाले नाही, उलट तुझ्या पातळ भाजीला नावं ठेवत बसले. अजून पीठ सगळ्यांच्या अंदाजानं घेते आणि उरलेल्या भाकरी गाईपुढं टाकते.

बहिरूभाऊ संध्याकाळी माघारी फिरेल, त्याच्याबरोबर अबोलीची रोपं दे. मुळांना ओलं फडकं गुंडाळ. मी लावीन, आणि रोज सकाळी रोपांमधली माती बघून सपाट करीन. ती माती मी केली तशीच राहिली आणि अबोली भरून फुलली, की तिची वेणी घेऊन मी स्वतः तुला न्यायला येईन. रामदास एकटा आला तर निघू नकोस, वेणी घेऊन मी आले तरच निघ. तुला शिवूची आण आहे.

रोपं आजच धाड. तू येऊ नकोस.

तुमच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझी सासू
अंबाबाई