एकदाही आऊट नाही

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

सकाळी लॉन्ड्रीत सुपरवायझर आला. म्हणाला, वरच्या हॉलमध्ये गुरुवारपासून चार दिवस बोर्डगेमवाल्यांचं संमेलन आहे, हॉटेलच्या स्टाफसाठी एक पास फुकट, कोणाला हवाय? कोणी मान वर केली नाही. दिवसभर चादरींच्या घड्या घालणाऱ्यांकडून दुसरी काय अपेक्षा. मी हात वर केला. तो म्हणाला, घे बाबा. म्हणजे त्याच्या मनात मीच होतो.

बोर्डगेम म्हणजे सोंगट्या, फासे, पत्ते. खेळात आपला हात कोणी धरू शकत नाही. लहानपणी दादाच्या टोळीत मी सगळ्यांत धाकटा. तरी सात वर्षांत एकदाही आऊट नाही. लपाछपी घ्या, पकडापकडी घ्या. एकदाही राज्य आलं नाही माझ्यावर. दाखवा असा रेकॉर्ड कोणाचा असेल तर.

बुधवार, ९ ऑक्टोबर

वहिनीचा फोन. रविवारी माझा वाढदिवस, पंचविसावा. मागे कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगून बसलो होतो की इथे परदेशात माझा मोठा ग्रुप आहे, सुट्टीला एक मिनिट मोकळं सोडत नाहीत. तिने ते लक्षात ठेवलं. बालवाडीची बाई, काही विसरत नाही. म्हणाली, भावजी, रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल करते, सगळ्यांना दाखवा, तुमचे दादापण आहेत.

ग्रुप अजून जमायचाय. चार दिवस भरपूर झाले. मित्र करणं अवघड नसतं, आपल्या लेव्हलची माणसं सापडणं अवघड असतं. दोन वर्षं थांबलोय ते त्यामुळेच.

रूममेट वेल्डर आहे. फोनवरचं ऐकत होता. म्हणाला, मी उभा राहतो की तुझ्या बाजूला. त्याला शांतपणे समजावलं की तू मित्र नाहीस, रूममेट आहेस. तो घोरतो. शिवाय टॉवेल माझा वापरतो.

ठराव: रविवारपर्यंत पाच मित्र. तीन तरी.

गुरुवार, १० ऑक्टोबर, संध्याकाळ

एकला शिफ्ट संपली, आंघोळ करून वर गेलो. अरे देवा. घोडे झालेले लोक. पोटं सुटलेली, टकलं पडलेली, आणि करतायत काय, तर लाकडाचे ठोकळे रांगेत लावतायत. एक आजोबा आपल्या ठोकळ्यांकडे बघून एकटाच हसत होता. ह्यांना घरी कोणी काम सांगत नाही का? टेबलांवरचे हिरवे कपडे परवा मीच इस्त्रीच्या रोलरमधून काढलेत. कोणाला त्याचं काही आहे का? त्यावर चिप्सचा चुरा.

एका टेबलाला चौथा भिडू हवा होता. दाढीवाला पोस्टमन, लायब्ररीतली चष्मेवाली आणि एक बसड्रायव्हर. बसलो. जहाज बुडतंय, चौघांनी बाहेर पडायचं. कार्डं उचलताना होडीचं कार्ड मला आलं. मी ते गुपचूप मांडीखाली सरकवलं. अर्ध्या तासाने जहाज बुडालं, तिघंही बुडाले. मी होडी काढून टेबलावर आपटली.

कोणी टाळी वाजवली नाही. दाढीने समजावलं की ह्या खेळात चौघं एकाच बाजूला असतात, एक बुडाला की सगळे हरले. ह्याला आम्ही रडीचा डाव म्हणतो. जिंकलेल्या माणसाला हरलेल्यांत ओढायचं. पण रविवार डोळ्यांसमोर होता. हसलो. उद्या येऊ का विचारलं. चष्मेवाली म्हणाली, ये ना. गळ्यात पडतायत.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज बेटांचा खेळ. नियमांचं पुस्तकच चाळीस पानांचं. दाढीने पाऊण तास वाचून दाखवलं. मी मान हलवत होतो, डोळे मिटून जास्त लक्ष लागतं. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. इथलं इंग्रजी मी बोलतो, वाचायची वेळ आणलेली नाही. आठवीत शाळा सोडली तेव्हाच ठरवलं होतं, वाचणारी माणसं पगारावर ठेवायची.

चांगला खेळलो. समुद्रावरून रस्ता नेला. ड्रायव्हरच्या मेंढ्या हाकून आणल्या. तासाभराने तिघं आपसांत कुजबुजले. धाबं दणाणलं असणार. मग दाढीने खोक्याच्या तळातून एक पिवळी सोंगटी काढली, सोबत छोटं कार्ड. म्हणाला, ही फार स्पेशल आहे. हिला कोणी मारू शकत नाही. तुझी चाल कधीही, कुठेही.

टेबलावर पिवळी फक्त माझ्याकडे. माणूस ओळखायला ह्यांना दोन दिवस लागले, पण ओळखला.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सात डाव. सातही डावांत एकदाही आऊट नाही. चष्मेवाली दोनदा, ड्रायव्हर तीनदा मेला. मला हात लावायची कोणाची हिंमत नाही. मी चाल केली की ते फक्त "छान" म्हणतात आणि पुढे खेळतात. घाबरलेली माणसं अशीच वागतात.

तिघांना सांगितलं, उद्या चारला घरच्यांचा फोन येईल, हात हलवायचा. हो म्हणाले. पटले. मनातल्या मनात तिघांनाही माफ केलं.

आणखी एक. एवढे फालतू खेळ विकले जातात तर मी एक काढतो. नाव 'लॉन्ड्री'. साबणाच्या पावडरीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, पंचवीस घरं आखली. सोंगट्या म्हणजे गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून पडलेली बटणं. डाग असलेल्या घरात गेलास, तू आऊट. एका पानात नियम. नोकरी सोडायची तारीख नंतर ठरवू.

वेल्डरने विचारलं काय काढतोयस. म्हटलं, तुला नाही कळणार.

रविवार, १३ ऑक्टोबर

ठरल्याप्रमाणे चारला कॉल. तिघांनी हात हलवले. चष्मेवालीने वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या. वहिनी खूश. म्हणाली, किती चांगली माणसं मिळाली तुम्हाला. इथवर सगळं ठीक होतं. इथेच फोन ठेवायला हवा होता.

मी पिवळी सोंगटी दाखवली. सगळ्या हॉलमध्ये मानाची, म्हटलं. कार्डही दाखवलं. वहिनी म्हणाली, जरा जवळ धरा. वाचलं. छान आहे म्हणाली, जसं बालवाडीत म्हणते तसं. दादाने तिच्या हातातून फोन घेतला आणि मोठ्याने वाचलं की ही सोंगटी चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे.

"अरे, तुला कच्चा लिंबू घेतलाय त्यांनी."

म्हटलं, काहीही काय. मी तर गल्लीतसुद्धा सात वर्षं एकदाही आऊट झालो नाही.

"तेव्हा तरी कुठे मोजत होतो तुला?"

नेट गेलं. म्हणजे मी घालवलं.

दाढीने विचारलं, भाऊ काय म्हणाला. सांगितलं, खेळ आवडला त्याला. मग म्हटलं, ह्या डावात मला लाल सोंगटी दे, साधी. त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरने घड्याळाकडे. म्हणाले, आवरायला हवं आता, पुढच्या वर्षी नक्की. जाताना दाढीने माझं नाव विचारलं. चार दिवसांत पहिल्यांदा. सांगितलं. त्याने ते दोनदा चुकीचं म्हटलं. म्हटलं, बरोबर.

तशीही माझ्या लेव्हलची माणसं नव्हती.

रूमवर वेल्डर झोपलेला. टेबलावर केक, अर्धा. उरलेल्या अर्ध्यावर माझा टॉवेल झाकलेला.

सोमवार, १४ ऑक्टोबर

हॉलचे हिरवे कपडे धुवायला आले, बावन्न. एकाच्या घडीत पिवळी सोंगटी. सापडलेली वस्तू पेटीत टाकायची असा नियम आहे. नियम मी खूप पाळले ह्या आठवड्यात. खिशात टाकली.

जेवण झाल्यावर वेल्डरला म्हटलं, बस, माझा खेळ शिकवतो. तो म्हणाला, मला असलं काही जमत नाही. म्हटलं, काळजी नको, तुला कच्चा लिंबू घेतो. पिवळी पुढे केली.

त्याने ती हातात घेऊन पाहिली, परत माझ्यासमोर ठेवली आणि बटणांतलं एक काळं उचललं. म्हणाला, "दोघांत कसला आलाय कच्चा लिंबू? खेळायचं तर नीट खेळ."

पिवळी खिशात टाकली. मीही बटण घेतलं.

तीन डाव झाले. तिन्ही वेळा डागावर मीच गेलो. म्हटलं, चुकून हात लागला, परत घेतो. त्याने हात धरून ठेवला. घेऊ देत नाही. वर पुठ्ठ्याच्या कडेला पेन्सिलीने रेघा मारतो. तीन रेघा, तिन्ही माझ्या नावावर.

नियमांतच कुठेतरी गडबड आहे. उद्या दुरुस्त करणार. वेल्डर म्हणाला, कर, पण आठनंतर. आठपर्यंत त्याला ओव्हरटाइम आहे.