माग थांबवून ऐकणारा बाप

बाई, आज नातीच्या शाळेतून एक छापील कार्ड घरी आलं. मुलानं चहाचा कप हातातून खाली न ठेवता त्यावर सही ठोकली, सुनेनं ते परत दप्तरात कोंबलं, आणि पोरगी शाळेत काय दिवे लावते हे घरात कुणालाच कळलं नाही. मी कोपऱ्यात शेंगा फोडत बसले होते. मला एकदम तुमची काळी छत्री आठवली. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटलाय की तुमचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण छत्री अगदी डोळ्यांसमोर आहे. तिची एक काडी मोडलेली होती आणि तिथं कापड लोंबायचं. म्हटलं, आज बाईंशी बोलावं. समोर बसून बोलायची सोय राहिली नाही, तर लिहून बोलावं.

तुम्ही शिकवायचात त्या मुलींच्या शाळेत चौथीच्या पुढचे वर्ग नवे निघाले तेव्हाची गोष्ट. आमची गल्ली सोलापुरातल्या विणकरांची. घराघरात माग आणि बोलणं तेलुगू. मधेमधे गिरणीत जाणारी मराठी बिऱ्हाडं. वाचता येणारं मोठं माणूस शोधावं लागायचं. तुम्ही पुण्याकडून नव्या आलेल्या, म्हणून पालकांना चिठ्ठ्या पाठवायला लागलात. चिठ्ठी घरी वाचणार कोण? ज्या पोरीची तक्रार तीच. आमच्या वर्गातल्या एकीची चिठ्ठी होती, मुलगी रोज उशिरा येते आणि वर्गात झोपते. तिनं घरी वाचून दाखवली की मुलगी फार गुणी आहे, तिला दूध देत जा. तिची आई इतकी हरखली, की दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड घेऊन शाळेत हजर. तुम्ही विचारलंत, "हे कशाबद्दल?" ती म्हणाली, "तुमी चिठ्ठीत एवढं चांगलं लिवलं, मग मोकळ्या हातानं कसं यायचं?" तुम्ही चटणी ठेवून घेतलीत, पोरीकडे एकदा चष्म्यावरून पाहिलंत आणि त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद केल्यात.

मग सुरू झाली तुमची शनिवारची फेरी. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की तुम्ही छत्री उघडून गल्लीच्या तोंडाशी उभ्या. आम्ही पोरी पुढं पळत जाऊन "बाई आल्या, बाई आल्या" करतोय, दारादारांतून बायका पदर सावरत बाहेर येतायत, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या हाताला रंगाचा डाग. तुम्ही प्रत्येक उंबऱ्याशी थांबून त्या घरच्या पोरीचं आठवडाभराचं सांगायचात, आणि तेही मोठ्यानं, म्हणजे शेजारच्या चार घरांना आपोआप कळायचं. कोणी कविता म्हटली, कोणी पाटी फोडली, कोणाच्या वेणीला कोणी शाई लावली. आमच्या शेजारची होटगीकडची काकू तर कमरेवर हात देऊन वाटच बघायची. "बाई, आमचीनं काय उजेड पाडला वो?" तुम्ही म्हणायचात, "गणित छान करते, पण बोलते फार." की काकू खूश. "बोलणारच की! कुणाची लेक हाय!" आणि तुम्ही आमच्याकडे पाणी मागून प्यायलात, त्या दिवशी अम्मानं तो तांब्या चिंच लावून घासला आणि वरच्या फळीवर पुढ्यात दिसेल असा ठेवला.

आमच्या घरी मात्र तुमची पंचाईत व्हायची. आमचे नायना, म्हणजे माझे वडील, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि त्या ठोक्यांनी भिंतीवरची भांडी किणकिणायची. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणायचात, "तुमच्या मुलीनं," खटक, "या आठवड्यात," खटक, "निबंध फार," खटक. तुमची पुणेरी वाक्यं मागाखाली सापडून चुरगळायची. तुम्ही म्हणालात, "अहो, जरा थांबवता का?" नायना मान हलवून म्हणाले, "सांगा की बाई. ऐकतोय की मी." आणि माग चालूच. तुमचा चेहरा पडायचा. पुढं तुम्ही ठोक्यांच्या मधे शब्द बसवायला शिकलात, आणि वर्गातसुद्धा तसंच तुटक बोलायला लागलात, तेव्हा आम्ही पोरी तोंडावर पाटी धरून हसत होतो. पण मनात तुम्हाला लागलं होतं. एकदा तुम्ही मला म्हणालातही, "तुझ्या वडलांना माझं येणं आवडत नाही का गं?"

मला तेव्हा सांगता आलं नाही, कारण आमच्या घरातली ही रीत आम्हाला इतकी अंगवळणी पडलेली की ती सांगायची गोष्ट आहे असंच वाटलं नव्हतं. नायना म्हणत, आपण विणतो ती लुगडी कुणाच्या तरी लग्नात नेसली जाणार. चांगलं बोलणं कानावर आलं तर माग चालू ठेवावा, ते कापडात उतरतं. वाईट बातमी आली, कुणी गेल्याचा निरोप आला, किंवा कुणाला नाही म्हणायची वेळ आली, तर मात्र धोटा बाजूला ठेवायचा, खड्ड्यातून वर यायचं आणि समोर उभं राहून बोलायचं. वाईट शब्द लुगड्यात जाऊ नये, आणि समोरच्याचं मन मोडायचं तर मागाच्या आड बसून मोडू नये. सुताचा दलाल यायचा, त्यालासुद्धा हे ठाऊक होतं. नायनांनी धोटा ठेवला की तो चपला पायात सरकवायला लागायचा. म्हणजे बाई, तुम्ही बोलत होतात आणि माग चालू होता, हा तुमचा मानच होता. तुमचं प्रत्येक वाक्य कुणाच्या ना कुणाच्या काठापदरात गेलंय.

मी सहावी पास झाले, तेव्हा घरात ठरलं की आता बास. अम्माला सुताच्या कांड्या भरायला हात हवा होता, आणि नात्यातलं एक स्थळही येऊन गेलं होतं. मला सातवी करायची होती. का करायची होती ते मला धड सांगता येत नव्हतं. पण वर्गातल्या कपाटातली वरच्या फळीवरची पुस्तकं सातवीच्या मुलींनाच मिळायची आणि त्यांचे नुसते पुठ्ठेच मी वर्षभर पाहत होते. मी चार दिवस जेवताना रडले. नायनांनी मला रागावलं नाही, नुसतं म्हणाले, "बाई येतील तेव्हा त्यांना सांगून टाकू." ही गोष्ट काकूनं तुम्हाला आधीच पोचवली होती. त्यामुळं त्या शनिवारी तुम्ही बाकीची दारं सोडून सरळ आमच्याकडे आलात.

"एकच वर्ष," तुम्ही म्हणताय, "एकच वर्ष द्या मला. मुलगी हुशार आहे. सातवीच्या फायनल परीक्षेला बसू द्या, मग मी शब्द काढणार नाही." आणि बाई, माग थांबला.

मी कांड्यांच्या टोपलीपाशी बसले होते. नायनांनी धोटा बाजूला ठेवला, खड्ड्यातून वर आले, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. अम्मानं चुलीपुढून मान वळवली आणि परत फिरवली. संपलं सगळं. आणि तुम्ही? तुमचा चेहरा असा उजळला की जणू कुणी दिवा पुढं धरलाय.

"अहो, थांबवलात!" तुम्ही जवळजवळ ओरडलात. "मी इतके दिवस या दारात घसा फोडतेय, आणि आज तुम्ही माग थांबवून ऐकलंत!"

नायना म्हणाले, "बाई, ते असं हाय की..."

"काही बोलू नका. मला कळलं." तुम्ही वळून गल्लीला सांगितलंत, "पाहिलंत का? मुलीच्या शिक्षणासाठी माग थांबवून ऐकणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला!"

काकूला आमची रीत पक्की ठाऊक. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि म्हणाली, "व्हय व्हय बाई. लई मोठ्या मनाचा माणूस हाय तो. आमी बघतोय की."

नायनांनी अम्माकडे पाहिलं, अम्मा आढ्याकडे पाहत होती. तुम्ही दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केलात, छत्री उघडलीत आणि गेलात. चालताना तुमची पाठसुद्धा आनंदात होती. मग अम्मा म्हणाली, "सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "सांगू कुठं देतीये ती?" "मग हाक मारा. अजून कोपऱ्यावरच असेल." नायनांनी दारातून डोकावून पाहिलं. "अगं, ती नमस्कार करून गेलीये," ते म्हणाले. "आता कसं?" आणि फडकं डोक्याला बांधून खड्ड्यात उतरले. माझी सातवी अशी पदरात पडली.

पुढं तुम्ही शाळेतल्या नव्या बाईंना ही गोष्ट सांगायला लागलात. विणकरांच्या घरी गेलात तर घाई करू नका, माग थांबेपर्यंत धीर धरा, थांबला की आपलं काम झालं समजा. त्या बिचाऱ्या दारोदार माग थांबायची वाट पाहत उभ्या राहायच्या आणि थांबला की "नाही" घेऊन परत यायच्या. त्यांना वाटायचं, आपल्याला तुमच्यासारखं गोड बोलता येत नाही.

मग फायनलचा निकाल लागला. तुम्ही शनिवारची वाट न पाहता भर उन्हात आलात, छत्रीसुद्धा विसरून. दारातूनच ओरडलात, "पास! शाळेत पहिली!" नायनांचा माग असा पळायला लागला की धोटा दिसेना. एवढी चांगली बातमी, ती सगळीच्या सगळी कापडात जायला हवी होती त्यांना. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मागाकडे बघत होतात, आत्ता थांबेल, आत्ता थांबेल. तो थांबत नव्हता. तुमचं हसू हळूहळू ओठांवरून उतरायला लागलं.

नायनांनी ते पाहिलं. धोटा हातात धरून क्षणभर घुटमळले, आणि त्यांनी माग थांबवला. वर आले, फडकं काढलं, हात जोडून तुमच्यासमोर उभे राहिले. मागच्या अंगणात अम्मा सूत वाळत घालत होती. माग थांबलेला ऐकून ती "एमैंदी? एमैंदी?" करत धावत आली, म्हणजे काय झालं, कोण गेलं. तिला वाटलं गावाकडे आजारी असलेल्या माझ्या आजोबांचंच काही झालं. तुम्हाला वाटलं आनंदानं धावतेय. तुम्ही तिला मिठी मारलीत, आणि ती तशीच रडायला लागली.

तुम्ही गेल्यावर नायना पुन्हा खड्ड्यात उतरले. काठ जुळवला, धोटा फेकला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हं. आता सांग परत. बाई म्हणाल्या तसंच सांग." मी दारात उभी राहिले, तुमच्यासारखी मान ताठ करून, ठोक्यांच्या मधे शब्द बसवत सगळं सांगितलं. "पास," खटक, "शाळेत," खटक, "पहिली." ते म्हणाले, "परत." ते लुगडं कोणी नेसलं असेल, देव जाणे.

लग्न झालं, संसार झाला. त्यापुढचं माझं मी वाचत गेले, पुडीचा कागदसुद्धा न वाचता टाकला नाही. तुमची भेट अधूनमधून व्हायची. दर वेळी तुम्ही नायनांचं विचारायचात आणि दर वेळी ती गोष्ट काढायचात, आणि दर वेळी "तसा बाप मिळायला भाग्य लागतं" म्हणायचात. मीही हो म्हणायची, कारण ते खरंच होतं.

आता एवढं सगळं लिहून बसले, बाई, पण हे कागद मी ट्रंकेत घडी करून ठेवणार आहे. देवाघरी टपाल जात असतं तरी मी हे टाकलं नसतं. तो माग तुम्हाला नाही म्हणायला थांबला होता, हे तुम्हाला कळावं असं मला अजूनही वाटत नाही.