पानं अजून हिरवी

३ फेब्रुवारी

हिरवी! पानं हिरवी आहेत!

आज शिडीवर चढून या वाड्याच्या जुन्या मालकीणबाईंच्या पलंगाचा रेशमी पडदा पहिल्यांदा जवळून पाहिला. धडपडले नाही हेच नशीब. जुन्या रेशमावरची पानं निळी असतात — जिथे जावं तिथे निळीच. तेव्हा निळ्यावर पिवळा चढवून हिरवा करायचे, आणि पिवळ्याला ऊन सोसत नाही. तो उडतो, निळा उरतो. जुनी कापडं दुरुस्त करतेय त्याला अठरा वर्षं झाली. हिरवं पान पाहिलं ते फक्त शिवणीच्या आत दुमडलेलं. आणि इथे वीतवीतभर पानं, दीडशे वर्षांची, अशी हिरवी की हात लावावासा वाटला. लावला नाही.

धावत खाली जाऊन उजेडरावांना सांगितलं. उजेडराव म्हणजे आमच्या संग्रहालयाचे संचालक — हे नाव फक्त या वहीत! ‘लोकांना दिसलं पाहिजे’ हा त्यांचा एकच मंत्र. दहा ते सहा सगळ्या झडपा सताड उघड्या, हा नियम त्यांनीच सुरू केला, सव्वीस वर्षांपूर्वी आल्या आल्या. त्याआधी वरचा मजला बंदच असायचा. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वा! म्हणजे माल चांगला होता.”

माल!

५ फेब्रुवारी

जुन्या नोंदवह्या काढल्या. धुळीने शिंकून शिंकून नाक लाल. रोज एकच ओळ — झडपा उघडल्या १०, बंद केल्या ६. सव्वीस वर्षं, एकाच हातची. मावशींच्या. वरचा मजला त्यांच्याकडे असतो — झाडणं, पुसणं, पाहुण्यांवर लक्ष ठेवणं.

रोज आठ तास ऊन खाल्लं असेल तर हा पडदा चिंध्या होऊन लोंबायला हवा. काहीतरी बसत नाहीये!

मावशींना विचारलं. “असेल काहीतरी,” म्हणाल्या, आणि नुकतंच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागल्या.

१२ फेब्रुवारी

पडद्याचा एक सुटलेला धागा प्रयोगशाळेत पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. धाग्यात जादूबिदू काही नाही. साधाच रंग, उन्हात दहा वर्षांत उडणारा. मग हा का नाही उडाला? ऑफिसात एक गिरकी घेतली. शिपायाने पाहिलं.

१३ फेब्रुवारी

नवरा म्हणतो, “एवढा आनंद तुला आपल्या लग्नातही झाला नव्हता.” खरं आहे.

२१ फेब्रुवारी

आज डोकंच गरगरलं! मागच्या आठवड्यात पलंगाच्या खांबामागे उजेड मोजणारं यंत्र लावून ठेवलं होतं. आगपेटीएवढं. कुणाला सांगितलं नव्हतं. आज त्याचा आलेख काढला. दहा ते सहा सलग उजेड दिसायला हवा ना? तर कंगवा! अंधार, पाच मिनिटं उजेड, पुन्हा अंधार. मंगळवारी कंगव्याला चारच दात, रविवारी दाट.

रविवारी गर्दी असते. मंगळवारी कुणी फिरकत नाही.

आता मला जे वाटतंय ते लिहिणार नाही. आधी बघणार.

२२ फेब्रुवारी

बघितलं.

अकरा वाजता मागच्या जिन्याने वर गेले, चपला हातात. खोलीत काळोख, झडपेच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. खिडकीशी स्टुलावर मावशी, एक हात झडपेच्या कडीवर, कान पुढच्या जिन्याकडे. तेवढ्यात पायऱ्या करकरल्या. मावशींनी झडप उघडली, स्टूल पलंगामागे सरकवलं आणि फडकं घेऊन उभ्या राहिल्या. एक जोडपं आलं, ‘किती छान’ म्हणालं, गेलं. झडप बंद. आणि मग मी दिसले!

मला वाटलं ओरडतील. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

“ताई, लिहू नका कुठे. खोली अंधारी ठेवली म्हणून दोन मेमो झालेत. तिसऱ्याला घरी बसवतील.”

मी विचारलं, हे तुम्हाला शिकवलं कुणी? तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच ठार वेडी. “शिकवायला काय लागतं? रंगीत कपडा सावलीत वाळवायचा, तोही उलटा करून. हे तर रेशीम!”

मी दोन पदव्या घेतल्या. त्यांनी एक स्टूल घेतलं. सव्वीस वर्षं दिवसभर जिन्याकडे कान लावून बसायचं, आणि संध्याकाळी वहीत आपल्याच हाताने लिहायचं की झडपा उघड्या होत्या. मला इतकं भरून आलं की मिठीच मारली. त्या कडक उभ्या. फडकं आमच्या दोघींच्या मध्ये.

२७ फेब्रुवारी

पडद्याचा अहवाल आज उजेडरावांना दिला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध — आणि तो लिहिता येत नाही! हे छापलं असतं तर कुठून कुठून व्याख्यानाला बोलावलं असतं मला. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं, “पडदा टिकण्याचं कारण अज्ञात.” आलेख खणात, खणाला कुलूप. मावशींना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. पुढचा एक दात नाही, ते आज कळलं. दिवसभर हवेत तरंगत होते. काय मोठ्या मनाची बाई मी!

९ मार्च

मोठ्या मनाची नाही. मूर्ख बाई.

उजेडराव माझा अहवाल फडकवत वर आले. चेहरा नुसता फुललेला. “आठ तास ऊन, सव्वीस वर्षं, आणि रेशमाला काही झालं नाही! उन्हाचं नुसतं स्तोम माजवता तुम्ही लोक.” झडपाच उतरवायच्या म्हणे. कायमच्या. सोबत सुतार — त्याने तिथल्या तिथे माप घेतलं. गुरुवारपासून काम. “तुमच्याच अहवालावरून हं!” आणि खाली माझी सही, चांगली लफ्फेदार.

मावशी दाराशी उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही.

बोलले तर मावशी घरी. नाही बोलले तर दहा वर्षांत पानं निळी. त्यांचं नाव वगळून सांगावं, तर वह्यांतलं अक्षर कुणाचं हे इथल्या मांजरालाही माहीत आहे. रात्री ताट तसंच सरकवलं. नवऱ्याने विचारलं, त्याच्यावरच खेकसले.

ठरलं. उद्या दहाला जाऊन सगळं सांगायचं. मावशींची माफी नंतर मागेन. मिळाली तर.

१० मार्च

दहाला पोचले. मावशी माझ्या आधी उजेडरावांच्या खोलीत. दार उघडंच होतं. टेबलावर सगळ्या नोंदवह्यांची चळत, आणि त्या उभ्या. “यातली एकही वही खरी नाही, साहेब. मीच लिहिल्यात. मला काढा, पण झडपा काढू नका.”

मी आत गेले. माझा अहवाल त्या चळतीवर ठेवला आणि म्हटलं, “हाही त्यातलाच.”