चाळीसपैकी अकरा

प्रिय ताई,

तुझं पाकीट मिळालं. आत संमतीपत्र, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली आणि वर चिकटवलेली चिठ्ठी: सही कर, तारीख मात्र दीड वर्षापूर्वीची टाक, नाहीतर समिती प्रबंध अडवेल, लाडका ना माझा? दीड वर्षात पहिल्यांदा लाडका झालो, तोही सहीपुरता! घाईत तू प्रयोगाचं आख्खं टिपणच पाकिटात कोंबलंस. मी ते वाचलं. मी काही वाचत नाही असा घरात सगळ्यांचाच समज, त्यामुळे तुला धोका वाटला नसेल.

पान तीन. ‘गट ब मधील प्रत्येकाला चाळीसपैकी अकरा गुण मिळाल्याचे सांगण्यात आले. उत्तरपत्रिका तपासल्या नाहीत.’ मी हल्ली काम शिकतो त्या दुकानाच्या पायरीवर बसून हे मी इतक्यांदा वाचलं की दुकानाचे उस्ताद म्हणाले, प्रेमपत्र आहे की कोर्टाची नोटीस?

आठवते ती तुमच्या कॉलेजातली अरुंद खोली? टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. तू म्हणाली होतीस, माणसं कमी पडतायत, चल, अर्ध्या तासाचं काम आहे, नुसती कोडी सोडवायची. सही नाही, विचारणं नाही. भावाला कसली परवानगी मागायची! मी जीव लावून चाळीसच्या चाळीस सोडवली. सोपी वाटली होती मला, हे आजवर कुणाला बोललो नाही. तू कागद घेऊन आत गेलीस आणि पडेल चेहऱ्याने बाहेर येऊन म्हणालीस, अकरा. मग तारेत अडकलेली कडी सोडवायला दिलीस आणि मोबाइलवर वेळ लावलीस. दोन मिनिटांत मी ती खाली ठेवली. टिपणात लिहिलंयस, ‘सहभागी क्रमांक सात: लवकर सोडून दिले.’ अगं, सोडणारच! मी ढ आहे हे तूच नुकतं सांगितलं होतंस ना?

पुढच्याच आठवड्यात माझी तंत्रशाळेची प्रवेशपरीक्षा होती. गेलो नाही. अकरावाल्याने जाऊन काय दिवे लावायचे? पिशवी उचलली. तुम्ही मला भिंगरी म्हणताच, खरी करून दाखवली. लाँड्रीत चादरींना इस्त्री, मग रंगाच्या दुकानात डबे हलवणं, मग बोटीवर दोर ओढणं. त्या बोटीवरचा स्वयंपाकी शिट्टीवर अशी काही गाणी वाजवायचा की... जाऊ दे, मी रागात आहे, शिट्टीचं नंतर. जरा अवघड काम समोर आलं की लोकांचे बारा वाजतात, माझे अकरा वाजायचे.

आता कुलपांच्या दुकानात आहे. उस्ताद नव्या माणसाला कसं शिकवतात ऐक. आधीच सांगून टाकतात, आज काही कुलपं सोपी देईन, काही अवघड. कंटाळलास तर ऊठ, मी रागावणार नाही. आणि दिवसाचं शेवटचं कुलूप कायम सोपं, म्हणजे माणूस हरून घरी जात नाही. तुला हेच करता आलं असतं. एका गटाला आधी सोपी कोडी, दुसऱ्याला आधी अवघड, मग दोघांना तीच तारेची कडी. कोण किती वेळ चिकटून बसतो ते दिसलं असतं, आणि तोंडाने एक शब्द खोटा बोलावा लागला नसता. शेवटी सगळ्यांना एक सोपं कोडं, आणि काय केलं ते खरंखरं सांगायचं. झालं! याला जाडजूड पुस्तकं लागतात?

सांगायचं असतं हे तुला माहीत नव्हतं असंही नाही, म्हणून तर जास्त आग होते. पान पाच: ‘प्रयोगानंतर प्रत्येक सहभागीला सत्य सांगण्यात आले.’ प्रत्येक! परक्यांना एकेकाला बसवून समजावलंस, चहा पाजलास. घरातल्या माणसाचं तेवढं राहून गेलं?

सही केली आहे, पण कलम चारच्या खाली. ‘सहभागी कधीही, कारण न देता, माघार घेऊ शकतो.’ मी कारण दिलंय, तेही पानं भरभरून. तारीख आजची आहे. क्रमांक सात गाळ आणि समितीला खरं काय ते सांग. ओरडतील. ऐकून घे.

पण मी पत्र लिहायला बसलो तो या सहीसाठी नाही. त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं होतं, किती पडले रे? तू म्हणालीस, अकरा. माझ्या परीक्षेसाठी टोक काढून ठेवलेल्या पेन्सिली बाबांनी हळूच खणात सारल्या आणि म्हणाले, असू दे, सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. अजून फोनवर जेवलास का एवढंच विचारतात. काम काय करतोस हे विचारत नाहीत, मला लाज वाटू नये म्हणून. या रविवारी त्यांना समोर बसव आणि पान तीन मोठ्याने वाच. उत्तरपत्रिका तपासल्या नाहीत, हे वाक्य दोनदा वाच, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. सोमवारी मी फोन करेन. त्यांनी काम काय करतोस असं विचारलं, की मला कळेल तू वाचलंस.

तुझाच भाऊ, क्रमांक सात नव्हे,
भिंगरी