कडेच्या पेशी

१४ मार्च, मंगळवार

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. 'तीर्थरूप' लिहिलं की तू म्हणतोस, एकदम फोटोत जाऊन बसल्यासारखं वाटतं. म्हणून नुसतं प्रिय. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतोय, आणि गुडघ्यापेक्षा ती जास्त.

परवा डॉक्टरांनी तुझा चांगला डोळा झाकून विचारलं, "समोर काय दिसतंय?" आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आणि तू म्हणालास, "भिंत. गिलावा कुणी केलाय हा? मधे पोट आलंय." डॉक्टर हसले, मामी रडली. मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर पळाले. का, ते सांगायलाच हे पत्र.

तू नेहमी विचारतोस, दिवसभर प्रयोगशाळेत करतेस काय? मी बघते, मामा. बुबुळाच्या काठावर, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, तिथे मोजक्या पेशी असतात. त्या जन्मभर नव्या पेशी घडवत राहतात. नव्या मध्याकडे सरकतात, वर चढतात, आणि पापण्यांच्या उघडझापीत जुन्या झडून जातात. आठवड्या-दहा दिवसांत डोळ्याचा दर्शनी थर नवाकोरा! तिथे रक्ताची एक शीर नाही, म्हणून तर तो काचेसारखा स्वच्छ. प्राणवायूसुद्धा थेट हवेतून घेतो. तुझ्या उजव्या डोळ्यात चुना उडाला तेव्हा हा काठच जळाला, आणि पांढऱ्या भागाचा पडदा बुबुळावर चढला.

म्हणून डाव्या डोळ्याच्या काठाचा तिळाएवढा तुकडा, वाढवून उजव्यावर बसवायला, आमच्याकडे आला. बाळंतपणात बाळाभोवतीचं जे पातळ वेष्टन बाहेर पडतं, ते आईच्या परवानगीने घेऊन आम्ही स्वच्छ करून ठेवतो. एका डबीत त्यावर तो ठेवला. डबीवर नाव नसतं, नंबर असतो. पण मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तुकड्याच्या कडेने पेशी निघाल्या. शेजारणीचा हात न सोडता, एकसंध चादर पसरावी तशा. समोरून दुसरी आली, टेकली, की थांबायच्या. कुठे वाढायचं, कुठे थांबायचं, हे त्यांना कोण सांगतं? बारा वर्षं बघतेय, पुस्तकातली उत्तरं पाठ आहेत, तरी अंगावर काटा येतो. आणि या तर तुझ्या होत्या!

दिवसातून एकदाच, सकाळी बघायचं, असा नियम आहे. नवव्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा बघितलं. काही काम नव्हतं, नुसता मोह. पेशींना ऊब देणाऱ्या पेटीचं, म्हणजे इन्क्युबेटरचं, दार उघडं राहिलं की भोंगा वाजतो, तो बंद केला. डबी परत आत ठेवतेय तेवढ्यात मामीचा फोन.

"काय गं, वाढतंय का काही?"

"अगं, काय सुंदर वाढतायत!"

बोलता बोलता दार ढकललं. ते नीट लागलं नाही. भोंगा बंदच राहिला.

सकाळी आत सगळं गार पडलं होतं. पेशी गोल होऊन, सुटून, पाण्यात तरंगत होत्या.

डॉक्टरांना मी म्हटलं, "वाढल्या नाहीत." त्यांनी तेच तुला सांगितलं. तू हसलास, "म्हाताऱ्याच्या पेशी, म्हाताऱ्यासारख्याच आळशी." त्याच आठवड्यात गवंडीकामाची थापी, रंधा, ओळंबा, सगळं शेजाऱ्याला देऊन टाकलंस. पाच महिने डोळ्याला हात लावू दिला नाहीस. मामीने जेवण सोडायची धमकी दिली तेव्हा कुठे आलास, आणि चांगल्या डोळ्याचा आणखी एक तुकडा दिलास. माझ्यामुळे.

दुसऱ्या वेळी मी डबीला हात लावला नाही. सर्दी झालीय असं सांगून काम मैत्रिणीकडे दिलं. ती रोज सांगायची, छान वाढतायत, आणि मी खोटं शिंकायची.

परवा निघताना तू मामीला म्हणालास, "डोळा परत मिळाला, पण अंगातला दम गेला. पहिल्या वेळीच कळलं ते." ते ऐकलं आणि राहवेना. मामा, तुझ्यातलं काहीही गेलेलं नाही. तुझ्या पेशी दोन्ही वेळा सारख्याच जोमाने वाढल्या. त्या एकोणसाठ वर्षांच्या माणसाच्या आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आज सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं, नोंदवहीत लिहून सही केली. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली. मग म्हणाले, "मामांना मी सांगू की तू?" मी म्हटलं, मीच. चौकशी होईपर्यंत पेशींचं काम माझ्याकडे नाही. बाटल्या धुते. ते ठीकच आहे.

फोनवर मी मधेच विषय बदलला असता. शिवाय वाटलं, हे तुझं तू वाचावंस.

रागाव. बोलू नकोस. आईला सांगितलंस तरी चालेल. फक्त एवढं कर: डोळ्यांत पाणी आलंच, तर नवा डोळा चोळू नकोस. हलकेच टिपून घे.

तुझी (अजून म्हणू ना?)
भाची