नाक वर, नजर घाटावर

आण्णा,

अक्का काल पहिल्यांदा एकटी इमान घेऊन वर गेली. शिकवणारे सर खाली उतरले, दार लावलं, आन ती गेली. मी आन आई कराडला धावपट्टीच्या कुंपणाभायेर हुतो. तवा वारं न्हवतं. ती वर गेली आन वारं सुटलं, ते बी आडवं, झटक्या-झटक्यानं. वारं दावणारी खांबावरची कापडी पिशवी लोंबत हुती, ती एकदम ताठ व्हायची, पडायची, परत ताठ.

इमान खाली आलं ते तिरपं. तोंड शेजारच्या उसाकडं, आन येतंय पट्टीवर. आईनं माझा दंड धरला. "आरं, वाकडं का आलंय ते? पोरीला दिसत न्हाई व्हय रं?"

मी कवा पटकन बोलतो का, आण्णा? वर्गात उभं राहून वाच म्हणलं की घसा बंद व्हायचा, म्हणून नववीत साळा सोडली. आता तासगावला बेदाण्याच्या शेडवर असतोय, तिथं कोण बोलाय लावत न्हाई. पण काल बोललो. "वाकडं न्हाई आई. आण्णा नाव काठाला आणायचं, तसं हाय."

पाणी वाढलं की तुमी नाव कवा सरळ आणली न्हाई. तोंड धारेच्या वरच्या अंगाला, आन नाव आडवी सरकत सरकत बरोबर पायरीला. अक्का पुढं बसलेली, तुमी मागनं वरडताय, "नाक वर, नजर घाटावर!" पायरी आली की वल्ह्याचा एक झटका, नाव सरळ. मी काठावरनंच बघायचो. तुमी हसायचा, "ह्यो आमचा घाटाचा दगूड."

आई इमानाकडंच बघत म्हणली, "आन शेवटी त्यांची नाव कुठं लागली रं?"

त्या दिवशी बी वारं असंच हुतं. मी तुमचा डबा घेऊन पायरीवर. तुमचं नाक वर, नजर घाटावर, म्हंजे माझ्यावरच. मग एक झटका आला. नाव खाली पुलाजवळ घावली, तुमी दुसऱ्या दिवशी.

काल बी तसंच. अक्काचं एक चाक टेकतंय टेकतंय, तवर वाऱ्यानं इमान उचललं. मोठ्यानं आवाज करत ती परत वर गेली. दुसऱ्यांदा बी तेच. आई खालीच बसली. मी देवाचं नाव घेतलं न्हाई, तुमचं घेतलं. आण्णा, तिला धरा. तुमाला कोण धरलं न्हाई, तिला तरी धरा.

मग चाकं घासल्याचा आवाज आला आन आई वरडली, "उतरली गं माझी बाय!"

अक्का आली, केस कपाळाला चिकटलेलं. मला म्हणली, "बघितलंस का, दगडा? शेवटाला कसं सरळ केलं? आण्णांसारखं?"

"व्हय," म्हणलो. "तसंच."

उद्या ती परत जाणार हाय. सकाळधरनं पिशवीगत काय तरी पोटात ताठ हुतंय आन पडतंय. हे कागद कुठं टाकू? नदीत सोडावं वाटलं, पण नदीला मी आता कायबी देणार न्हाई.

आण्णा, ती उतरली तवा मी डोळं मिटलं हुतं. तुमच्या वक्ताला उघडं ठेवलं हुतं.