उंबऱ्याखालचं मडकं

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज मला आता आठवावा लागतो. पाय मात्र आठवावा लागत नाही. आत येताना उंबऱ्याजवळ तू तो मुद्दाम आपटायचीस. तिथंच, दाराच्या आत, माझ्या आधीचा तुझा मुलगा पुरलेला होता, बारशाआधीच गेलेला. तान्हं गेलं तर रानात न्यायचं नाही, मडक्यात घालून घरातच पुरायचं, म्हणजे मायच्या रोजच्या जाण्यायेण्यात ते पुन्हा तिच्या पोटी येतं, असं तुला तुझ्या सासूनं सांगितलेलं. तू त्याच्यावरून जात-येत राहिलीस आणि मी झाले. मुलगी झाली म्हणून तुझं काही अडलं नाही. "तोच होय, फकस्त लुगडं नेसून आला," असं आल्यागेल्याला सांगायचीस. मला बाबू म्हणायचीस आणि पाय आपटून दाखवायचीस, "रिकामी हाय जागा." दोघांचे लाड एकटीला मिळत होते, मी कशाला तक्रार करते?

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. धानाची मळणी आटोपून हात रिकामे झाले तेव्हा नाल्यापलीकडच्या टेकाडावर साहेब लोक तंबू ठोकून बसले. खाली फार जुन्या माणसांची वस्ती आहे म्हणाले. गावाला वाटलं, धन काढून राहिले. आपण दोघी माती वाहायला जातो. माझं लग्न सडक अर्जुनीला ठरलेलं आहे, तू जावयाच्या नाकावरून मला चिडवते आहेस. खाली एक घर निघतं. चोपलेली जमीन, खांबांचे खड्डे, चूल. तू टोपली खाली ठेवून चूल निरखतेस आणि म्हणतेस, "बाई हुशार होती. धूर सीधा दारातून जाते." शेजारीण आवडावी तशी तुला ती बाई आवडली होती. मग चुलीपासून हातभर अंतरावर, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी लागली. साहेबानं कुंचल्यानं माती झाडली, वरचा फुटका तुकडा उचलला. आत तान्ह्या मुलाची हाडं होती.

"मेलेलं मूल घरातच पुरायचे हे लोक," साहेब म्हणाले.

"कवाचं हाय साहेब हे?" तू विचारलंस.

"हजारो वर्षं झाली असतील, बाई."

तू मडक्यावर वाकून पाहिलंस. मग म्हणालीस, "मंग हा अजून इथंच काऊन हाय?"

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो, त्याला कळलंच नाही. "जाणार कुठं?" म्हणाला.

तू माझ्याकडे पाहिलंस. माय, त्या नजरेवर मी आजवर कोणाशी बोललेली नाही. बाजारात ओळखीचं समजून हाक मारावी आणि वळलेलं माणूस भलतंच निघावं, तसं पाहिलंस. संध्याकाळी घरी आल्यावर तू उंबऱ्याशी थांबलीस, लुगडं सावरलंस आणि निजलेल्या लेकराजवळून जावं तसा पाय अलगद टाकलास. बापानं समजावलं, "हाडं राहते वं, जीव निंगून जाते." तू म्हणालीस, "हाडाबिगर जीव राहीन कुठं?" त्या दिवसापासून तू मला बाबू म्हटलं नाहीस. पोरी म्हणायचीस, वेळेवर जेवू घालायचीस, लग्नात रडलीसही. पण मी कोण, हे तुला माहीत असल्यासारखं पुन्हा कधी वाटलं नाही. तापात गेलीस तेव्हा मी उशाशी होते आणि तू दाराकडे तोंड करून पडली होतीस. मला राग आला होता. अजूनही येतो.

पुढं बापही गेला आणि चुलतभावानं घर पाडायला काढलं. उंबरा उखडल्यावर मजुरानं मला बोलावलं. मडकं शाबूत होतं. मी झाकण काढलं. माती होती आणि मातीत काड्यांसारखी हाडं. तो कुठंच गेला नव्हता, माय. तुझंच खरं होतं. मी कोणी परत आलेली नव्हते, नुसतीच झालेली होते. खूप वर्षं वाटायचं, हे पक्कं कळलं की मोकळं वाटेल. काही वाटलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, नाल्यात सोडून दे. माझ्यानं झालं नाही. पदराखाली झाकून एस.टी.नं सडक अर्जुनीला आणलं आणि माझ्या दारात, उंबऱ्याच्या आत पुरलं. मला मूल झालं नाही, तुला ठाऊकच आहे. आता वयही गेलं. तो तुझ्याकडे आला नाही, माझ्याकडे काय येणार?

हे लिहून कुठं टाकणार? तुला तर वाचताही येत नव्हतं. एवढंच सांगायचं राहिलं की मीही आता तुझ्यासारखीच लुगडं सावरून, पाय अलगद टाकून उंबरा ओलांडते. शेजारची विचारते, "काऊन वं, गुडघा दुखते का?" मी हो म्हणते.